तांब्या आणि दीड इंची पाइप

“एक इंच की दीड इंच? एवढंच सांगा, अज्जा. मी लगेच उठतो.”

अज्जा चुलीपुढं उकिडवे बसले होते. लाकडं ओली होती. धूर होत होता, जाळ होत नव्हता.

“एक की दीड?”

“काय?”

“पाइप, अज्जा. पाइप!”

अज्जांनी मान वळवली. धुरानं पाणावलेल्या डोळ्यांनी समोरच्या माणसाकडं पाहिलं. मग पुन्हा चुलीकडं.

“हां… पाइप,” ते म्हणाले, आणि एक काटकी मोडून आत सारली.

धैर्यशील इंगवलेनं दात आवळले. आईवडिलांनी नाव मोठ्या हौसेनं ठेवलं होतं, पण धीराच्या नावानं पहिल्यापासून आनंदच होता. आज तर तो कोल्हापुरापासून गाडी हाणत आला होता आणि शेवटचा बोडका माळ पायी चढला होता. तेही कशासाठी, तर एका साधूला नळकामातलं विचारायला! ज्याच्या फौंड्रीत पंप ओतले जातात त्या माणसानं! कामगारांना कळलं असतं तर चहाच्या सुट्टीत त्यांनी हा एकच विषय महिनाभर पुरवून खाल्ला असता.

पण इलाज नव्हता. आईनंच तसं अडवून ठेवलं होतं.

गोष्ट अशी. वडील गेल्यावर आई दिवसदिवस दिवाणखान्यात बसून समोरच्या भिंतीकडं बघत राहायची. धैर्यशीलला ते बघवेना. त्यानं त्या भिंतीलाच आठ फुटी काचेची टाकी बसवली, दिवे लावले, मासे सोडले. टाकीखालच्या कपाटात दुसरी लहान टाकी. वरचं पाणी एका पाइपनं खाली उतरायचं, खालच्या टाकीत गाळून स्वच्छ व्हायचं आणि पंप ते दुसऱ्या पाइपनं परत वर चढवायचा. पंप अर्थातच घरच्या फौंड्रीतला, चांगला दांडगा.

हा परत वर नेणारा पाइप धैर्यशीलच्या डोक्यात बसला. एक इंची घातला तर पंप गुदमरायचा आणि वर पाणी पिचकारीसारखं यायचं. त्यानं सव्वा इंची घातला, तर टाकी काठावरून गळायला लागली. त्याला वाटलं, पाणी अजून जोरात येतंय म्हणून लाटा उसळतायत, पाइप आणखी रुंद केला की धार मऊ होईल. त्यानं दीड इंची घातला. त्याच दुपारी टाकी भरून वाहिली, आणि आतल्या खोलीतून येणारी आई ओल्या फरशीवर घसरून पडली.

हाड मोडलं नाही, हे नशीब. पण तिनं दुसऱ्या दिवशी पिशवी भरली आणि गडहिंग्लजला लेकीकडं निघून गेली.

“माशांच्या घरात मी राहत नाही,” ती म्हणाली.

धैर्यशीलनं हात जोडले, रागावला, रुसला. शेवटी आई म्हणाली, “माळावरच्या अज्जांना जाऊन भेट. ते म्हणाले घरी जा, तर येते.”

त्या मुलखात कानडी आणि मराठी एका ताटात जेवतात. तिथं आजोबांना अज्जा म्हणतात. या अज्जांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, छातीवर पांढरी दाढी, आणि सोबतीला एक जुना मठ, एक विहीर, एक चूल. आई लग्नाआधीपासून त्यांच्याकडं यायची. धैर्यशील आज पहिल्यांदाच आला होता. पाइपचे तीन तुकडे कापडी पिशवीत घालून.

आईशिवाय घर खायला उठत होतं. संध्याकाळी ती खुर्ची ओढून टाकीसमोर बसली की सोनेरी अरोवाना मासा काचेशी येऊन तोंड उघडायचा. आता तो कोपऱ्यात पाठ करून पडलेला असायचा, चारा टाकला तरी वळायचा नाही. जेवताना “अजून एक घे” म्हणणारं कुणी नव्हतं. हे कुणाला सांगायची चोरी होती, पण पन्नाशीच्या त्या माणसाला आपली आई घरी हवी होती. बास, एवढंच हवं होतं.

आणि हा म्हातारा काटक्या मोडत बसला होता.

मठात पाऊल टाकल्या टाकल्याच एक तमाशा झाला होता. माळ चढून धैर्यशीलचा घसा कोरडा पडला होता. दाराशी घागर होती, घागरीवर तांब्या होता. त्यानं तांब्या बुडवून तोंडाला लावायला घेतला, तर अज्जांनी तो हातातून काढून घेतला.

“ह्या मठात आपल्या हातानं पाणी पीत न्हाईत.”

“मग?”

“दुसऱ्यानं ओतायचं. आपण ओंजळ धरायची.”

“आणि दुसरं कुणी नसलं तर?”

“कोण ना कोण येतंच की.”

पेला नाही, फुलपात्र नाही, काही नाही. धैर्यशील वैतागून वाकला आणि ओंजळ तोंडाशी धरली. अज्जांनी वरून धार सोडली. तो पोटभर प्यायला, रुमालानं ओठ टिपले, बसला आणि लगेच पिशवीतले पाइप काढून मांडायला लागला. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर एक थेंबही पडला नव्हता. हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

अज्जांनी तांब्या पुन्हा भरला. दोघांच्या मधोमध ठेवला. एकदा पाहुण्याकडं पाहिलं, एकदा तांब्याकडं… आणि खोकले.

पाहुणा बोलायला लागला होता.

तो अजून बोलतच होता.

“नीट ऐका,” धैर्यशील म्हणाला. लहान पोराला शिकवावं तसं त्यानं दोन्ही हात वरखाली धरले. “पाणी खाली येतं. ते पंपानं वर न्यायचं.”

“वर कशाला?”

“खाली आलेलं असतं म्हणून.”

“खाली कशाला येतंय?”

“वर नेलेलं असतं म्हणून!”

अज्जांनी मान डोलावली. “मग बरं चाललंय की.”

“बरं कुठं चाललंय? फरशीवर येतंय ना!”

“का येतंय?”

“तेच तर विचारायला आलोय!”

“मला?” अज्जांना खरंच नवल वाटलं. “माझ्याकडं नळ बी न्हाई, बाबा.”

धैर्यशीलनं डोळे मिटले, उघडले. अज्जा होते तिथंच होते.

“टाकीचा दुकानदार म्हणतो एक इंचच ठेवा,” तो मुद्दाम सावकाश बोलायला लागला. “पुण्याचा माझा मित्र म्हणतो, एक इंचात पंप मरतोय, दीड घाल. घरचा प्लंबर म्हणतो, साहेब म्हणतील तसं. अरुंद घातला तर पंप गुदमरतो, रुंद घातला तर घर भिजतं. मी काय करायचं? आई म्हणते अज्जांना विचार. विचारलं. आता तुम्ही एक आकडा बोला, म्हणजे मी तो घालतो. तुमच्या शब्दाखातर आई घरी येईल. संपलं.”

“आकडा…”

“हां, आकडा.”

अज्जांनी मांडलेल्या तुकड्यांतला एक इंची तुकडा उचलला. डोळ्याला लावला आणि त्यातून धैर्यशीलकडं पाहिलं. मग उलटा करून दुसऱ्या टोकानं पाहिलं.

धैर्यशील श्वास रोखून बसला. चला, निदान हातात तरी घेतला.

अज्जांनी तुकड्याचं एक टोक चुलीकडं केलं, दुसरं तोंडाला लावलं आणि फू केलं. ओल्या लाकडाखालचा निखारा लाल झाला. आणखी एकदा फू. जाळ भडकला.

“हा बरा आहे,” अज्जा म्हणाले.

धैर्यशील पुढं सरसावला. “म्हणजे एक इंच?”

“चुलीला.”

मग अज्जांनी दीड इंची उचलला. गाल फुगवून फुंकलं. राख नुसती इकडची तिकडं झाली. त्यांनी पुन्हा नेट लावून फुंकलं, पुन्हा तेच. तोवर पाइपचं टोक जाळाला लागलं, मऊ पडलं, वाकडं झालं. प्लास्टिकचा घाण वास मठभर पसरला.

“अज्जा! तो नमुना होता!”

“असू दे की. हातात धरायला हा बरा आहे.”

फुंकून फुंकून त्यांना ठसका लागला होता. खोकता खोकता ते मागं टेकले. तांब्याकडं बघितलं.

“तुम्हाला खोकला झालाय,” धैर्यशील म्हणाला. मनानं तो वाईट नव्हता. “चांगलं औषध आहे माझ्या डॉक्टरांकडं. उद्याच पाठवून देतो. दोन बाटल्या पाठवतो.”

“धाड की,” अज्जा म्हणाले.

चुलीवर भाताचं आधण ठेवलं गेलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. म्हणजे अज्जा बोलले नाहीत. धैर्यशील वाकडा पाइप सरळ करायला बघत होता आणि पुटपुटत होता.

“आईनं काय म्हटलंवतं?” अज्जांनी मधेच विचारलं.

“कशाबद्दल?”

“टाकीबद्दल.”

“ती काय म्हणणार?” धैर्यशीलला इतक्या वैतागातही हसू आलं. “एक गंमत सांगतो. सव्वा इंची घातल्यापासून ती सारखी मागं लागायची. धैर्या, तो खालचा पाइप ढेकर देतोय बघ. पोट भरलंय रे त्याचं, आता बस कर. … पाइप ढेकर देतोय! आता बोला. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी सांगायचो. सगळे पोट धरधरून हसायचे.”

“आई हसायची?”

धैर्यशील थांबला.

“ती… चहा ठेवायला आत जायची.”

अज्जांनी भातात चमचाभर मीठ टाकलं.

“आणि खालच्या पाइपचा मुळात प्रश्नच नाही,” धैर्यशीलनं घाईघाईनं गाडी रुळावर आणली. “दुकानदारानं काचेला भोक पाडून दिलंय, त्याला पाइप बसवलाय. पाणी खाली यायला काय लागतंय? सोडलं की येतं. अक्कल लागते ती वर चढवायला. माझा सगळा जन्म त्यात गेलाय.”

“आईनं मागितलीवती टाकी?”

“मागायचं काय त्यात? आईसाठी करायला तिनं मागायला लागतं का?”

“न्हाई लागत?”

“नाही!” आता मात्र त्याचा तोल सुटला. “मी काय कमी केलं, सांगा ना. दर रविवारी गाडी पाठवतो, गाडी रिकामी परत येते. आंबे पाठवले. गुडघ्याला तेल पाठवलं. कमरेला पट्टा पाठवला, तो पट्टा भाची खेळायला घेते म्हणे. मालिशवाली बाई पाठवली, तर आईनं तिला जेवू घातलं, खणानारळानं ओटी भरली आणि मोटारीत बसवून दिली! रोज न चुकता फोन करतो.”

“फोनवर काय बोलती?”

“मीच बोलतो. समजावतो तिला.”

“आणि ती?”

“ती… हूं म्हणते.”

“हूं?”

“हूं. मग म्हणते, जेवलास का. मग मी पुन्हा समजावतो.”

भाताला उकळी आली होती, झाकण थडथड उडत होतं. अज्जांनी हात लांब करून झाकण थोडं सरकवलं. वाफ बाहेर पडली आणि थडथड थांबली.

“हे बघा,” धैर्यशील उठून उभाच राहिला. “मी विचारतो काय, तुम्ही बोलता काय. अर्धा दिवस मोडून आलो मी. तासभर झाला घसा कोरडा करतोय, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी! जातो मी. आईला सांगतो, तुझ्या अज्जांना पाइपचं विचारलं. त्यांनी पाइप चुलीत घातला.”

अज्जा हसायला लागले. अगदी पोटातून, मान मागं टाकून. हसता हसता ठसका लागला, ठसक्यावर ठसका चढला. डोळ्यांतून पाणी आलं, मानेच्या शिरा फुगल्या. धैर्यशील पिशवी भरता भरता थबकला.

अज्जांनी दोन्ही हात जोडून पुढं केले.

नमस्कार करून वाटेला लावतायत, असं त्याला वाटलं. पण तळवे उघडे होते.

“पाणी?” त्यानं विचारलं.

अज्जांनी मान डोलावली.

“अहो, मग हा तांब्या इतका वेळ इथंच तर…” बोलता बोलता त्याची जीभ अडली. तांब्या दोघांच्या मधोमध होता. भरलेला. तो तसाच होता. “तुम्ही… कधीपासून प्यायला नाहीत?”

“काल सांजंला एक धनगर आलता,” अज्जा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

“काल? आणि मी तासभर इथं बसलोय! सांगायचं नाही का?”

“तू बोलत हुतास की.”

धैर्यशीलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं पिशवी टाकली, तांब्या उचलला आणि धार धरली. चांगली मोठी धार. कालपासून तहानलेल्या माणसाला काय थेंब थेंब पाजायचं?

“घ्या. घ्या, पोटभर घ्या.”

तांब्याच्या तोंडातून पाणी कसं भरघोस पडतंय याकडं त्याची नजर होती. ओंजळ भरली, वाहिली. दाढी भिजली. अज्जांनी मान झटकली, त्यानं तांब्या आणखी तिरका केला. पाणी नाकात गेलं. अज्जा उसळून बाजूला झाले, आणि आता जो खोकला लागला तो मघाच्या सगळ्या खोकल्यांचा बाप होता. कफनी छातीपासून गुडघ्यापर्यंत ओलीचिंब झाली. चुलीपुढच्या जमिनीवर थारोळं झालं.

“अहो, पण मग थांब म्हणायचं ना!” धैर्यशील ओरडला. भीतीनं ओरडला, पण ओरडलाच.

अज्जांनी दाढी पिळली.

“तोंडात पाणी असताना?”

…

बाहेर माळावर वारा सुटला होता. भात शिजल्याचा वास यायला लागला होता. धैर्यशील तांब्या हातात घेऊन उभा होता.

“पुन्हा भर,” अज्जा म्हणाले.

त्यानं घागरीतून तांब्या भरला. अज्जांनी ओंजळ धरली, तोंड खाली नेलं.

“धार कशी धरू?” त्यानं विचारलं. “बारीक की मोठी?”

उत्तर आलं नाही. येणार कुठून, तोंड ओंजळीत होतं.

धैर्यशीलनं तांब्याकडं पाहिलं. तांब्याला काही ठाऊक नव्हतं. त्यानं धार सोडली, थोडी, घाबरत. आणि पहिल्यांदाच खाली वाकून बघितलं.

दोन वाळके, सुरकुतलेले हात. पाणी त्यात चढत होतं आणि उतरत होतं. हातांमागं दाढी, दाढीमागं गळा. गळ्याची घाटी वर जायची, खाली यायची. वर गेली की पाणी उतरायचं. मधेच घाटी थबकली, घशात गुळुक असा आवाज झाला, ओंजळ काठोकाठ आली… आणि धैर्यशीलचा हात आपोआप वर झाला. धार थांबली. कुणी थांब म्हटलं नव्हतं.

घाटी हलली. पाणी उतरलं. त्यानं पुन्हा धार सोडली.

असं किती वेळ चाललं कोण जाणे. मठात दुसरा आवाज नव्हता. ओतणारा गप्प होता आणि पिणारा पीत होता. खाली एक थेंब सांडला नाही.

अज्जांनी ओंजळ सोडली, हात झटकले. डोळे मिटून क्षणभर बसले आणि समाधानानं एक ढेकर दिली.

धैर्यशील तांब्या घेऊन तसाच खाली बसला. ओल्यात बसला, तेही त्याला कळलं नाही.

*धैर्या, तो खालचा पाइप ढेकर देतोय बघ. पोट भरलंय रे त्याचं, आता बस कर.*

खालचा पाइप गिळत होता तेवढं गिळत होता. गुळुक गुळुक करून सांगत होता की आता मावत नाही. आणि वरून हा पठ्ठ्या एकाचा सव्वा, सव्वाचा दीड करत पाणी चढवत होता. सगळा जन्म पंपात घालवलेल्या माणसाला जे ऐकू आलं नाही, ते भिंतीकडं बघत बसणाऱ्या बाईनं ऐकलं होतं. त्याचे कान गरम झाले.

“अज्जा,” तो म्हणाला, “तिनं सांगितलं होतं.”

अज्जा कफनीचा सोगा पिळत होते.

“पहिल्या दिवसापासून सांगत होती. आणि मी… पाहुण्यांना…”

चहा ठेवायला आत जाणारी आई त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. पाठमोरी, पदर सावरत, मागं दिवाणखान्यात सगळे हसत असताना. तिचा चेहरा त्याला कितीही आठवला तरी दिसेना, कारण तेव्हा त्यानं तो पाहिलाच नव्हता.

अज्जांनी भात उतरवला. निखारे बाजूला ओढले. घाई कसलीच नव्हती.

“म्हणजे एक की दीड, हा प्रश्नच नव्हता,” धैर्यशील म्हणाला. त्याच्यातला फौंड्रीवाला हळूहळू जागा होत होता. “खालचा जेवढं उतरवतो, त्याच्या आतच वरून द्यायचं. आधी खालचा बघायचा. मग वरचा. बरोबर ना?”

“मला त्यातलं काय कळतंय?” अज्जा म्हणाले.

“नाही, बरोबरच आहे!” तो ताडकन उठला. चेहरा फुलला होता. “असंच आहे! अहो, किती सोपं! मी आत्ता आईला फोन लावतो. सगळं सांगतो तिला, चूक नेमकी कुठं होती, खालचा पाइप का कमी पडला, काचेला आता कुठं भोक पाडायचं, वर किती इंची घालायचा. गाडी उद्याच पाठवतो. नाही, गाडी कशाला, मीच जातो आता, इथून गडहिंग्लज कितीसं लांब आहे! तिला समोर बसवतो आणि पहिल्यापासून नीट समजावून…”

बोलत बोलत तो उंबरा ओलांडून अंगणात पोचलाही होता. पिशवी आतच राहिली होती, पाइप चुलीपाशी राहिले होते. उजव्या हातात फोन होता, अंगठा आईचं नाव शोधत होता. डाव्या हातात मठाचा तांब्या तसाच होता आणि त्याच्या प्रत्येक पावलागणिक त्यातलं पाणी हिंदकळून मातीत पडत होतं.

“आणि हो, अज्जा!” तो अंगणातूनच ओरडला. “तुमचा निरोप काय म्हणून सांगू तिला? घरी जा म्हणालात ना तुम्ही? तसंच सांगतो!”

“धैर्या!”

तो गर्रकन वळला. त्या नावानं त्याला फक्त आई हाक मारायची.

अज्जा दारात उभे होते, अजून ओलेच.

“तांब्या हितंच ठेव,” ते म्हणाले. “ओंजळ तेवढी घेऊन जा.”